विश्लेषण : मुंबईवर तरंगणारा ‘विहार तलाव’ मोजायचा कसा? हवेतले बाष्प टिपताना उपग्रह कुठे कमी पडतात?

किती पाऊस पडला हे सांगायला पर्जन्यमापक पुरतो. पण पडण्याआधी ते पाणी हवेत किती होते, कुठून येत होते आणि कुठे गोळा होत होते, हे मोजणे हवामानशास्त्रातल्या अवघड कामांपैकी एक आहे. अतिवृष्टीचा इशारा काही तास आधी देता येणार की लोक गुडघाभर पाण्यात उभे असताना, हे बऱ्याच अंशी या मोजणीवर ठरते. भारताकडे त्यासाठी उपग्रह आहेत. मात्र सर्वाधिक बाष्प ज्या थरात असते, नेमकी तिथेच त्यांची नजर अधू होते. ही उणीव भरून काढणारी साधने जमिनीवर आहेत. त्यातले एक तर शेतजमिनीच्या मोजणीसाठी आधीच उभे राहिले आहे.

हवेत पाणी असते तरी किती?

जमिनीपासून थेट वातावरणाच्या माथ्यापर्यंत हवेचा एक उभा स्तंभ कल्पावा. त्यातले सगळे बाष्प थंड करून खाली आणले तर जमिनीवर पाण्याचा जेवढा थर साचेल, त्याची जाडी म्हणजे त्या ठिकाणचे ‘प्रेसिपिटेबल वॉटर’. हवामानशास्त्रज्ञ ते मिलिमीटरमध्ये सांगतात. संपूर्ण पृथ्वीची सरासरी साधारण २५ मिलिमीटर आहे. भर पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर हाच आकडा ६० मिलिमीटरच्या आसपास जातो.

६० मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार बोटांचे पाणी. पण बृहन्मुंबईच्या सुमारे ४८० चौरस किलोमीटर क्षेत्रावर हा थर पसरला तर ते पाणी जवळपास २,८८० कोटी लिटर भरते. विहार तलावाची पूर्ण क्षमता सुमारे २,७६९ कोटी लिटर आहे. म्हणजे जुलैतल्या एखाद्या दमट दुपारी मुंबईच्या डोक्यावर एक अख्खा विहार तलाव अदृश्य रूपात तरंगत असतो. महापालिका शहराला रोज जेवढे पाणी पुरवते त्या हिशेबाने हा आठवडाभराचा साठा झाला.

तरीही एवढ्या पाण्याने २६ जुलै २००५ चा पाऊस पडला नसता. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. डोक्यावरच्या स्तंभातला शेवटचा थेंब खाली आला असता तरी त्याचा हिशेब ६० मिलिमीटरवर संपतो. उरलेले पाणी बाहेरून आले. अरबी समुद्रावरून वाहणारा वारा बाष्प आणत राहिला आणि एकाच जागी ते रिते होत राहिले, जणू सोळा स्तंभ एकापाठोपाठ एक तिथेच ओतले गेले. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा पश्चिमेचा वारा धरला तर मुंबईवरचे बाष्प अर्ध्या तासात बदललेले असते. म्हणून हवेतले पाणी एकदा मोजून भागत नाही. ते सतत आणि ठिकठिकाणी मोजावे लागते. खरी अडचण इथूनच सुरू होते.

सकाळ-संध्याकाळचा फुगा पुरेसा का नाही?

बाष्प मोजण्याची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे रेडिओसाँड. हायड्रोजन किंवा हेलियमच्या फुग्याला तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारे छोटे यंत्र बांधून तो आकाशात सोडायचा. वर जाताजाता यंत्र रेडिओ संदेशाने आकडे पाठवत राहते. आजही इतर सगळ्या साधनांची परीक्षा घेताना कसोटी म्हणून याच फुग्याचा आधार घेतला जातो.

पण फुगे जगभर ठरलेल्या वेळी सुटतात. भारतीय वेळेनुसार सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. सांताक्रूझचा २६ जुलैचा कहर सुरू झाला तो दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे दोन फुग्यांच्या बरोबर मधल्या काळात. शिवाय अशी केंद्रे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. मुंबई, पणजी आणि नागपूर या केंद्रांच्या मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यातल्या हवेत काय चालले आहे, हे उरलेल्या वेळात अंदाजानेच भरावे लागते.

उपग्रहांना काय दिसते, काय नाही?

उपग्रह बाष्पाला स्पर्श करत नाही. बाष्प काही ठरावीक लहरी शोषून घेते आणि स्वतःही उत्सर्जित करते, त्यांच्या तीव्रतेवरून तो हिशेब लावतो. यालाच दूरसंवेदन म्हणतात. भारताचे इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह भूस्थिर कक्षेतून हे काम करतात. ‘इन्सॅट-३डी’चे उड्डाण २६ जुलै २०१३ रोजी झाले, मुंबईच्या प्रलयाला बरोबर आठ वर्षे झाली त्याच तारखेला. हा योगायोगच. त्यानंतर २०१६ मध्ये ‘३डीआर’ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘३डीएस’ गेला. त्यांच्यावर ‘साउंडर’ हे उपकरण असते. ते १९ वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजमाप करून तापमान आणि आर्द्रतेचा उंचीनुसार आलेख काढते.

अडचण ढगांची आहे. साउंडरची मुख्य मदार अवरक्त लहरींवर, आणि दाट ढगातून अवरक्त लहरी आरपार जात नाहीत. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, ढगाखाली काय शिजते आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात ज्या दिवशी ही माहिती सर्वात हवी असते, त्याच दिवशी महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर ढगांचे झाकण असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात फिरणाऱ्या रंगीत ‘वॉटर व्हेपर’ चित्रांबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. ही चित्रे साधारण ६.७ मायक्रॉनच्या आसपासच्या पट्ट्यात घेतात. बाष्प ही लहर इतक्या जोमाने शोषते की उपग्रहाला बहुतांशी पाच ते दहा किलोमीटर उंचीवरचाच थर दिसतो. वातावरणातले निम्म्याहून अधिक बाष्प तर जमिनीलगतच्या दोनेक किलोमीटरमध्ये असते. त्यामुळे चित्रात कोरडा दिसणारा भाग खाली चिंब असू शकतो आणि पांढराशुभ्र दिसणारा भाग पाऊस न देताही निघून जाऊ शकतो. वरच्या थरातले वारे ओळखायला चित्र उत्तम, पण ते पाहून ‘आज आपल्याकडे धो-धो’ असे जाहीर करणे धाडसाचे.

मग ढगातून पार जाणाऱ्या सूक्ष्मलहरी का वापरू नयेत? वापरतात. पाण्याच्या रेणूची एक खूण २२.२ गिगाहर्ट्झला, दुसरी १८३ गिगाहर्ट्झला सापडते. पहिली समुद्रावर छान चालते. समुद्राचा पृष्ठभाग सूक्ष्मलहरी फारशा उत्सर्जित करत नाही, त्या ‘थंड’ पार्श्वभूमीवर बाष्प उठून दिसते. जमीन मात्र स्वतःच भरपूर उत्सर्जन करते, तेही ओल, पिके आणि खडकाप्रमाणे जागोजागी वेगळे. त्यात बाष्पाची खूण हरवते. दुसरी खूण इतकी तीव्र आहे की जमिनीचा अडथळा उरत नाही, पण त्याबरोबर खालचा थरही झाकला जातो. भारत आणि फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रहावर १८३ गिगाहर्ट्झचे ‘सफीर’ हे उपकरण होते. ऑक्टोबर २०११ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या या उपग्रहाने उष्ण कटिबंधातल्या आर्द्रतेची मोलाची नोंद केली आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर खाली आणण्यात आले. शिवाय असे उपग्रह खालच्या कक्षेत फिरतात. एका जागेवर ते दिवसातून मोजक्या वेळाच येतात, भूस्थिर उपग्रहासारखे ठाण मांडून बसत नाहीत.

एकूण चित्र असे, की अरबी समुद्रावरून बाष्पाचा लोंढा निघाला तर तो समुद्रावर असेपर्यंत बऱ्यापैकी दिसतो. किनारा ओलांडून सह्याद्रीला भिडतो, तिथे तो उपग्रहांच्या हातून निसटतो.

जीपीएसचा बाष्पाशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो अगदी सरळ आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून अंतर आणि अंतरावरून जागा निघते. पण हवेतून येताना संदेश किंचित रेंगाळतो. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश समुद्रसपाटीवर पोहोचेपर्यंत या रेंगाळण्यामुळे अंतर सुमारे अडीच मीटरने जास्त भासते. त्यातला २.३ मीटरच्या आसपासचा वाटा कोरड्या हवेचा. जमिनीवरचा वायुदाब ठाऊक असेल तर तो बिनचूक काढता येतो. उरतो तो बाष्पाचा वाटा. कोरड्या थंडीत तो काही सेंटिमीटर असतो, कोकणातल्या पावसाळ्यात ४० सेंटिमीटरच्या घरात जातो.

पाण्याच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी असमान असते. एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण. त्यामुळे रेडिओलहरीला तो त्याच्या संख्येच्या मानाने फारच जास्त अडवतो. स्तंभात एक मिलिमीटर पाणी वाढले की अंतर साधारण साडेसहा मिलिमीटरने वाढल्यासारखे दिसते. लहान बदल मोठा होऊन समोर येतो, म्हणूनच मोजणी अचूक होते. चांगल्या केंद्रावर बाष्पाचा आकडा एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने बरोबर मिळतो. ढग असोत, पाऊस असो, रात्र असो, यंत्र चालूच राहते. आयनांबराने केलेली ढवळाढवळ दोन वेगवेगळ्या वारंवारितांचे संदेश ताडून वजा करता येते.

हातातल्या मोबाइललाही हाच उशीर होतो. पण फोनची चूक काही मीटरची, तिच्यात बाष्पाचे ४० सेंटिमीटर कुठे दडून जातात कळतही नाही. त्यासाठी काँक्रीटच्या खांबावर घट्ट बसवलेला, वर्षानुवर्षे जागचा न हलणारा, दर्जेदार रिसिव्हर लागतो. भूगर्भातल्या हालचाली मिलिमीटरमध्ये मोजणारे शास्त्रज्ञ असे रिसिव्हर वापरत. त्यांच्या दृष्टीने बाष्पामुळे येणारा फरक ही कटकट होती, ती काढून टाकायची. १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सुचवले, की हा टाकाऊ भागच हवामानशास्त्रज्ञांनी उचलावा. मोजणीदाराच्या केरात हवामानखात्याचा माल सापडला, तो असा.

जपानने या कल्पनेचे सोने केले. तिथल्या सर्वेक्षण संस्थेने मुख्यतः भूकंपामुळे होणाऱ्या हालचालींसाठी सुमारे १,३०० रिसिव्हरांचे ‘जिओनेट’ उभारले होते. जपानची हवामान संस्था २००९ पासून त्यातून निघालेले बाष्पाचे आकडे आपल्या स्थानिक अंदाजाच्या प्रारूपात घालू लागली. युरोपातल्या देशांनीही अशी केंद्रे एकमेकांशी जोडली आहेत.

भारतात आणि महाराष्ट्रात काय आहे?

भारतीय हवामान विभागाने देशभर २५ ठिकाणी बाष्प मोजणारी जीएनएसएस केंद्रे उभारली. इन्सॅटच्या साउंडरचे आकडे ताडून पाहायलाही त्यांचा उपयोग होतो. देशाचा पसारा पाहता २५ हा आकडा मात्र तोकडाच.

दुसरे जाळे वेगळ्याच कामासाठी उभे राहिले. ज्यांनी अलीकडे शेताची सरकारी मोजणी करून घेतली असेल, त्यांनी भूकरमापकाच्या हातात साखळी किंवा टेबलाऐवजी काठीवर बसवलेले ‘रोव्हर’ पाहिले असेल. हे रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगते, कारण जवळपासचे एक कायमस्वरूपी केंद्र त्याला क्षणोक्षणी दुरुस्ती पाठवत असते. या केंद्रांना ‘कॉर्स’ म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या योजनेत महाराष्ट्रात सत्तरहून अधिक केंद्रे उभी आहेत, म्हणजे साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर एक. बांधावरून भाऊबंदांत होणारे तंटे मिटावेत हा त्यांचा हेतू. पण तत्त्व जिओनेटचेच. शेताची हद्द बरोबर यावी म्हणून हवेतला जो उशीर हिशेबातून काढून टाकावा लागतो, त्यातच विदर्भापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बाष्पाचे आकडे दडलेले असतात.

ते वापरात आणायला लागणारा खर्च नव्या उपग्रहाच्या तुलनेत किरकोळ आहे. प्रत्येक केंद्राजवळ बरा वायुदाबमापक हवा. दाबात एक हेक्टोपास्कलची चूक झाली तरी बाष्पाच्या आकड्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमीच फरक पडतो, म्हणजे फार महागडे यंत्रही नको. केंद्राची समुद्रसपाटीपासूनची उंची काटेकोरपणे धरावी लागते. महाबळेश्वरच्या डोक्यावरचा स्तंभ पायथ्याच्या पोलादपूरपेक्षा हजारभर मीटरने आखूड असतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवले तर डोंगरावर नेहमीच दुष्काळ दिसेल. आणि मुख्य म्हणजे आकडे तासाभरात, शक्यतो त्याहून लवकर, अंदाज करणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचले पाहिजेत. कालचे बाष्प आज मिळून शोधनिबंध होतो, इशारा होत नाही.

इथे विज्ञानापेक्षा खातेव्यवस्था आडवी येण्याची भीती जास्त. मोजणी महसूल खात्याच्या अखत्यारीत, सर्वेक्षण विभाग विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालयात, हवामान विभाग भूविज्ञान मंत्रालयात. २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली अशी माहिती सर्वांना उपलब्ध व्हावी असे सांगते. जमिनीच्या मोजणीसाठी एकदा खर्च केलेल्या पैशातून पावसाचा अंदाजही सुधारत असेल, तर त्यासाठी नवे जाळे विणत बसण्याचे कारण नाही.

रेडिओमीटर आणि लिडार कशासाठी?

जीपीएसची मोठी मर्यादा अशी, की ते स्तंभातले एकूण पाणी सांगते. ते कोणत्या उंचीवर आहे ते सांगत नाही. त्यासाठी जमिनीवरून वर पाहणारी साधने लागतात. सूक्ष्मलहरी रेडिओमीटर काही मिनिटांगणिक तापमान आणि आर्द्रतेचा उभा आलेख देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली, तिथल्या अभ्यासात असे उपकरण वापरले गेले आहे. जोराच्या पावसात मात्र यंत्राच्या आवरणावर पाणी साचून आकडे बिघडतात. रामन लिडार आकाशात लेसरचा झोत सोडतो आणि परतणाऱ्या प्रकाशात नायट्रोजनच्या तुलनेत पाण्याच्या रेणूंचा वाटा किती हे पाहतो. त्याची बारकाई थक्क करणारी आहे. स्वित्झर्लंडच्या हवामान संस्थेने पायर्न येथे २००८ पासून असा लिडार चालवला आहे. पण दाट ढग आला की लेसर तिथेच अडतो. कोकणातल्या जुलैत त्याचा उपयोग किती, हे उघड आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपयांचे ‘मिशन मौसम’ मंजूर केले. त्यात डॉप्लर रडारांबरोबर रेडिओमीटर आणि विंड प्रोफाइलरही आहेत. चर्चा होते ती रडारांची, आणि ते स्वाभाविक आहे. रडारच्या पडद्यावर वादळ दिसते. पण रडारला दिसतात ते थेंब आणि गारा. थेंब होण्याआधीचे बाष्प त्याला जवळपास दिसतच नाही. ढग बनून गेल्यावर मिळणारा इशारा आणि ढग बनायची तयारी चालू असताना मिळणारा इशारा, यात काही तासांचे अंतर असते.

बाष्प कळले म्हणजे पाऊस कळला का?

नाही. हवेत भरपूर बाष्प असूनही आठवडेच्या आठवडे पाऊस न पडण्याचा अनुभव मराठवाड्याला ऑगस्टमधल्या खंडात वारंवार येतो. बाष्पाला वर उचलणारे काही तरी लागते. सह्याद्रीची भिंत, कमी दाबाचे क्षेत्र किंवा दोन वाऱ्यांची टक्कर. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडत असताना पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. दोन्ही ठिकाणी बाष्पाचा आकडा इतका वेगळा असणे शक्यच नव्हते. फरक होता तो हवा कुठे उचलली गेली यात. त्यामुळे बाष्पाचे कितीही दाट जाळे उभारले तरी ते कोणत्या उपनगरात पाणी भरणार हे सांगणार नाही.

ते काय सांगू शकते? मुसळधार पावसापूर्वी स्तंभातले पाणी बहुतेकदा आधीच चढू लागते, कधी कधी काही तास. किनाऱ्यावरची तीन-चार केंद्रे ओळीने हा चढ दाखवत असतील आणि घाटमाथ्यावरच्या केंद्रांवर तो उतरताना दिसत नसेल, तर पाणी मध्येच गोळा होत आहे. हा आकडा संगणकीय प्रारूपाला सुरुवातीलाच मिळाला तर पुढचे सहा ते बारा तास ते बरे वठवते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापत चाललेल्या अरबी समुद्राच्या काठावर राहणाऱ्यांना या आकड्याची गरज पुढे वाढतच जाणार आहे.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या त्याच संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हवामान विभागाच्या वापरात आली. पूर्वीचे जागतिक प्रारूप १२ किलोमीटरच्या चौकटीत विचार करत असे, हे सहा किलोमीटरच्या चौकटीत करते. प्रत्येक चौकटीत गणित सुरू करताना हवेत किती पाणी आहे हा आकडा भरावाच लागतो, मग तो मोजलेला असो वा अंदाजलेला. मुंबईपासून घाटमाथ्यापर्यंतच्या सरळ रेषेत अशा जेमतेम दहा-बारा चौकटी बसतात. तेवढ्याच पट्ट्यात समुद्रावरचे बाष्प जमिनीवर येते, डोंगर चढते आणि रिते होते.